ठेवले म्हणजे राहिले काय?

महाविद्यालयात मराठीच्या प्राध्यापकाला कोणते काम सांगतील याचा नेम नसतो. स्नेहसंमेलनाचे निवेदन, प्राचार्यांच्या भाषणातील शुद्धलेखन, ग्रंथालय समिती, निरोपसमारंभाची मानपत्रे ही तर वतनाचीच कामे. ती मी सोळा वर्षे बिनतक्रार करीत आलो आहे. पण चार वर्षांपूर्वी प्राचार्यांनी बोलावून घेऊन, “आपल्याकडे मोठे डेटा स्टोरेज येते आहे, ते तुम्ही सांभाळा,” असे सांगितले, तेव्हा मात्र माझी बोलतीच बंद झाली.

त्यांच्या सांगण्याला आधार नव्हता असे नाही. आमच्या विभागाने जुन्या मासिकांची हजारो पाने स्कॅन करून घेतली होती. शिवाय विभागातील एका निवृत्त बाईंनी ऐंशीच्या दशकात मावळातल्या खेड्यांतून हिंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या बासष्ट कॅसेटीही आम्ही संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. प्राचार्यांचे म्हणणे असे, की ऐवज तुमचा, तेव्हा किल्लीही तुमच्याच कमरेला असावी. मदतीला संगणक प्रयोगशाळेतला एक तरुण साहाय्यक दिला. तो माझाच जुना विद्यार्थी. एकेकाळी मी त्याला समास शिकविले होते. आता त्याने मला स्टोरेज शिकवायचे ठरले.

वहीतली बेरीज

एका संस्थेने नवी यंत्रणा घेतल्यावर आपली जुनी आम्हांला दिली होती. लोखंडी मांडणीत बसविलेली ती पेटी, समोर चोवीस खण आणि प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क. मागच्या बाजूला सगळे जोडीने: दोन कंट्रोलर, दोन वीजपुरवठे, दोन वाटांनी जाणाऱ्या केबली. एक बंद पडले तर दुसऱ्याने काम सांभाळावे, अशी योजना. मी विचारले, “इतका अविश्वास कशासाठी?” तो म्हणाला, “सर, हे यंत्र बिघडू नये म्हणून बांधलेले नाही. बिघडणारच, हे धरून बांधलेले आहे.” या यंत्राचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे, हे मला पुढे कळले.

आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली रॅमॅक हा संगणक बाजारात आणला. डिस्कवर माहिती साठविणारे ते पहिले व्यापारी यंत्र. त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होते, आणि एवढ्या खटाटोपातून मावत होती पन्नास लाख अक्षरे! आज मुलांच्या फोनमधले एखादे छायाचित्रही तेवढी जागा खाते. पुढे डिस्क लहान आणि स्वस्त होत गेल्या. पण स्वस्त वस्तू मोठ्या संख्येने घेतल्या, की त्यांतली एखादी रोज रुसून बसायची. त्यावर तोड १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी आपल्या निबंधात मांडली. तिचे नाव ‘रेड’.

रेड म्हणजे काय ते आपल्या घरच्या हिशेबाच्या वहीवरून चटकन समजते. समजा, वहीत ७, ४ आणि ९ अशा तीन रकमा आहेत आणि खाली बेरीज २० लिहिलेली आहे. चहाचा थेंब पडून मधली रक्कम पुसली गेली. बिघडले काय? विसातून सोळा गेले, राहिले चार. रक्कम परत मिळाली! यंत्रात साध्या बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब असतो. पण मर्म तेच. माहिती अनेक डिस्कांवर वाटून ठेवायची आणि सोबत तिचा ताळा ठेवायचा. एक डिस्क मेली तरी उरलेल्यांवरून तिच्यातला मजकूर पुन्हा मांडता येतो. पण दोन रकमा पुसल्या गेल्या तर एका बेरजेने भागत नाही. म्हणून ‘रेड-६’ या पद्धतीत निरनिराळ्या रीतीने काढलेले दोन ताळे ठेवतात. आम्ही तीच पद्धत घेतली आणि वर एक डिस्क राखीव ठेवली.

पहिली डिस्क गेली ती दुसऱ्याच महिन्यात. खणावरचा हिरवा दिवा नारिंगी झाला. यंत्र चालू असतानाच मेलेली डिस्क बाहेर ओढून नवी आत सरकवायची असते. मी हात पुढे केला, तसा माझा गुरू ओरडला, “थांबा सर! आधी क्रमांक वाचा, मग त्या खणाचा दिवा लुकलुकवून पाहा, मग मला मोठ्याने सांगा, आणि मगच ओढा.” आजारी डिस्क सोडून शेजारची धडधाकट डिस्क ओढणे, हा या धंद्यातला जुना अपघात आहे. मेलेल्या डिस्कचा मजकूर राखीव डिस्कवर पुन्हा मांडायला आमच्या यंत्राला एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार लागली. तेवढा वेळ बाकीच्या डिस्का राबत होत्या आणि त्यांतली आणखी एखादी धारातीर्थी पडते की काय, म्हणून आम्ही जागत होतो.

वाडा आणि बिऱ्हाडे

यंत्र उभे राहिले म्हणजे त्याची मांडणी करावी लागते. हे काम पुण्यातला जुना वाडा भाड्याने देण्यासारखे आहे. एवढ्या मोठ्या जागेचे भाग पाडायचे, आणि कोणत्या बिऱ्हाडाला कोणती खोली ते ठरवायचे. ग्रंथालयाच्या सर्व्हरला त्याचा भाग दिसावा, कार्यालयाच्या सर्व्हरला त्याचा. एकाला दुसऱ्याची खोली दिसताही कामा नये. दोन सर्व्हर नकळत एकाच भागावर लिहू लागले, तर एका चुलीवर दोघींनी स्वयंपाक केल्यासारखे होते: कोणाचेच धड शिजत नाही.

यात एक मोहही आहे. प्रत्येक बिऱ्हाडाला दहा खोल्यांचे वचन द्यायचे आणि प्रत्यक्षात लागेल तशी एकेक खोली उघडायची, अशी सोय यंत्रात असते. तिला ‘थिन प्रोव्हिजनिंग’ म्हणतात. सोय उत्तम, मात्र सर्वांनी एकदमच खोल्या मागितल्या, तर वाडा भरतो आणि साऱ्यांचेच लिहिणे थांबते. म्हणून सत्तर टक्के जागा भरली की आम्हांला सूचना यावी असे करून ठेवले. मालकाने वचने किती दिली यापेक्षा खोल्या किती शिल्लक आहेत, हे भिंतीवर लिहून ठेवावे!

वर्षाच्या गव्हाला ऊन

उन्हाळ्यात घरोघर वर्षाचे गहू भरले जात, ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढची गोष्ट समजावून सांगायला नको. गहू कोठीत ओतले म्हणजे काम संपत नसे. एरंडेल चोळा, कडुनिंबाचा पाला घाला, मधूनमधून उपसून पाहा, सोंडे दिसले की ऊन दाखवा. डिस्कवरच्या माहितीलाही असेच ऊन दाखवावे लागते. जो मजकूर वर्षानुवर्षे कोणी वाचीत नाही, तो कधी गुपचूप वाचण्यापलीकडे जातो; आणि हे कळते नेमके शेजारची डिस्क मेल्यावर, जेव्हा त्याची निकड असते. म्हणून यंत्राकडून ठराविक दिवशी सारा मजकूर वाचवून ताळा जुळवून घ्यायचा. या कामाला ‘स्क्रबिंग’ म्हणतात.

कंट्रोलरच्या आत एक बॅटरी असते. सर्व्हरने दिलेली माहिती आधी तात्पुरत्या स्मृतीत ठेवून यंत्र ‘लिहिले’ असे कळवते आणि मागाहून डिस्कवर उतरवते. मध्येच वीज गेली तर ती स्मृती या बॅटरीवर तगते. बॅटरी काही वर्षांनी म्हातारी होते आणि वेळेवर बदलावी लागते.

डिस्कच्या आतही एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. त्याचीही खबर घ्यावी लागते. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने जाहीर केले, की तिच्या काही सॉलिड-स्टेट डिस्का फर्मवेअरमधील दोषामुळे ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतील. म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास! एकाच दिवशी सुरू केलेल्या डिस्का एकाच वेळी माना टाकणार; तिथे रेडचा ताळा काय करणार? उपाय सोपा होता: वेळेआधी फर्मवेअर बदलणे. पण त्यासाठी सूचनापत्र वाचणारा माणूस हवा.

माझी चूक

आता जी हकीगत सांगायची, ती दुसऱ्या कोणाची असती तर सांगायला अधिक मौज आली असती. पण चूक माझी होती.

दीड वर्ष यंत्र सुरळीत चालले आणि मला थोडा ताठा आला. एका मे महिन्यात मी आवराआवरीला बसलो. ‘ओव्या’ आणि ‘ओव्या-नवी’ अशी दोन फोल्डरे दिसली. पहिले जुने, म्हणजे निरुपयोगी, असे ठरवून मी ते पुसून टाकले. ‘नवी’त फक्त नावे सुधारलेल्या थोड्या फायली होत्या, हे मला महिन्याने कळले, जेव्हा एक विद्यार्थिनी ओव्या ऐकायला मागू लागली.

मी धावत गेलो. रेडने काहीच केले नाही. कारण रेडच्या लेखी काही बिघडलेच नव्हते. मी पूस म्हटले, त्याने आज्ञाधारकपणे चोवीस खणांतून पुसले. यंत्र दररोज माहितीचे एक क्षणचित्र टिपून ठेवीत असे, त्याला स्नॅपशॉट म्हणतात. पण ते आम्ही चौदाच दिवस ठेवीत होतो. राहिली टेपेवरची प्रत. रोज सकाळी मला पत्र येई: ‘बॅकअप यशस्वी’. त्या पत्रांवर मी निर्धास्त होतो. टेप लावली, तर आत काही नाही. सहा महिन्यांपूर्वी आम्ही सारा ऐवज नव्या भागात हलविला होता आणि बॅकअपला जुनाच पत्ता राहिला होता. ते इमाने इतबारे रिकाम्या खोलीची प्रत घेत होते आणि यशस्वी झाल्याचे कळवीत होते. आळीपाळीने वापरताना जुन्या टेपाही केव्हाच पुसल्या गेल्या होत्या.

बाईंना सांगायला मी आणि तो तरुण दोघे गेलो. त्यांनी मला दोष दिला नाही; “कॅसेटी आहेत ना माळ्यावर? काढू या,” म्हणाल्या. काढल्या. काहींना बुरशी लागलेली, काहींची फीत चिकटलेली. एका जुन्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी चाळीस कॅसेटींची प्रत पेनड्राइव्हवर नेली होती. ती त्याच्या घरच्या खणात सापडली. तेरा आम्ही पुन्हा उतरवून घेतल्या. नऊ गेल्या त्या गेल्याच. बाईंनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवले. “ही बाई वारली तेव्हा मी मनाशी म्हटले होते, आवाज तरी आहे,” एवढेच बोलल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

थोरांघरीही तेच

असे आमच्यासारख्या नवशिक्यांनाच होते असे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीतील एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरची माहिती पुसली. प्रती राखण्याच्या पाच योजना होत्या. ऐनवेळी त्यांतली एकही भरवशाची निघाली नाही. बॅकअप फसत असल्याची सूचनापत्रे वाटेतच नाकारली जात होती! कोणी तरी सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेल्या प्रतीने निभावले. कंपनीने ही सारी हकीगत उघड केली, हे तिचे मोठेपण. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला आग लागली. सरकारी नोकर आपली कागदपत्रे ज्यावर ठेवीत, त्या यंत्रणेतील ८५८ टेराबाइट माहिती त्यात गेली. ती इतकी प्रचंड होती, की तिची प्रत बाहेर ठेवलेलीच नव्हती.

इंद्रायणीत वह्या बुडाल्या तरी तुकोबांचे अभंग लोकांच्या मुखी होते, हे मी दर वर्षी वर्गात शिकवतो. दुसरी प्रत दुसऱ्या गावी हवी, हा त्यातला व्यवहार मात्र मला नऊ कॅसेटी गमावल्यावर कळला.

आता आमचा नेम असा आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघे बसतो. चिठ्ठी टाकून एक फाइल निवडतो, ती टेपेवरून दुसऱ्याच संगणकावर परत आणतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. ऐकून झाल्यावर वहीत तारीख घालून दोघेही सही करतो. परत आणून पाहिली नाही, ती प्रत आम्ही प्रत मानीत नाही. एक संच आता दुसऱ्या गावच्या एका महाविद्यालयात असतो.

तुमच्या घरी चोवीस खणांची पेटी नसेल. पण मुलाच्या बारशाची चित्रफीत असेल, वडिलांचा आवाज असेल. त्यांच्या तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि एक घराबाहेर, बहिणीकडे किंवा भावाकडे असावी. हा या धंद्यातला सर्वमान्य नियम आहे. दिवाळीच्या सफाईत माळा काढताच आहात. फराळाचे डबे भरून झाले, की घरातल्या सर्वांनी मिळून त्यातली एक प्रत उघडून पाहावी. उघडली, तर संध्याकाळ आनंदात जाईल. नाही उघडली, तर निदान हातात अजून वेळ आहे.