वाफेची गिऱ्हाइके



ऊस विकास खात्याच्या माणसाने लागणी, बेणे आणि खोडव्यावर लिहावे. वाफ हे इंजिनिअरिंग खात्याचे काम. तरीही या अंकात वाफेवर लिहीत आहे, कारण बॉयलरचा काटा पुष्कळदा आपल्या शेतातून हलतो, हे मला जरा उशिराच कळले.

माझे गाव मुरबाड तालुक्यातले. घाटाखालचा भाताचा मुलूख. ऊस पाहायचा तर माळशेज चढून जुन्नरकडे जायचे. पौषात म्हशाची यात्रा भरली की घरी पाहुण्यांची रीघ लागे. पहाटे सगळ्यांना एकदम आंघोळीचे पाणी हवे, चहा हवा आणि भाकरीही हवी. चूल एकच. आई म्हणून जाळ वाढवीत नसे. पाण्याचा हंडा ती रात्रीच वैलावर चढवी, भाकरीच्या जाळाची उरलेली आच त्याला पुरे, आणि पहाटे पाहुण्यांना पाळीपाळीने उठवी. लाकूड तेवढेच, पण कोणी थंड पाण्याने आंघोळ करून गेला नाही.

कारखान्यातही चूल एकच, ती म्हणजे बॉयलर. एक टन उसामागे २८० ते ३०० किलो बगॅस निघते, त्यात निम्मे पाणीच. एक टन बगॅसवर साधारण सव्वादोन टन वाफ होते. ही वाफ आधी टर्बाईन फिरवते आणि तिथून सुटलेली वाफ रस तापवायला व आटवायला जाते. म्हणजे वैलच म्हणा ना! रस आटवण्याच्या भांड्यांत तर वैलामागे वैल आहे. पहिल्या भांड्यातल्या रसाच्या वाफेवर दुसरे उकळते, दुसऱ्याच्या वाफेवर तिसरे. न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिल्यू यांनी या युक्तीचे पेटंट १८४३ साली घेतले. चार भांडी असली तर एका टन वाफेत जवळजवळ चार टन पाणी उडते.

खरे खट्याळ गिऱ्हाईक म्हणजे पॅन. पॅन नवीन भरली की ती भसाभस वाफ ओढते. माल घट्ट होत गेला की ओढ कमी होते. तीन पॅन एकाच वेळी सुरू झाल्या तर प्रेशर पडते, तिन्ही एकदम उतरल्या तर वाफ हवेत सोडावी लागते. म्हणून चांगला पॅनमन शेजारच्या पॅनकडे पाहून आपली पॅन भरतो.

थंड देशांत हाच प्रश्न अख्ख्या गावाचा असतो. डेन्मार्कमध्ये सुमारे दोन तृतीयांश घरांना नळातून गरम पाण्याची ऊब मिळते, आणि काही गावांत तर बॉयलरमध्ये शेतातले काड जाळतात. तिथेही सकाळी सगळ्यांची मागणी एकदम येते. त्यासाठी पाणी मोठ्या टाक्यांत आधीच तापवून ठेवतात. काही ठिकाणी जे घर पाण्यातली ऊब पुरती न वापरता ते गरमच परत पाठवते, त्याला जादा आकार पडतो. आपल्याकडे उलटे : वाफेचे झालेले पाणी बॉयलरला गरमच परत हवे, फक्त त्यात साखरेचा अंश नको. ते तपासण्यासाठी प्रयोगशाळेत अल्फा नॅफ्थॉलची परीक्षा घेतात.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कारखान्यात असताना, मी तोडणीच्या चिठ्ठ्या गावांच्या आग्रहाखातर सकाळच्याच दिल्या. दुपारी यार्डात गाड्यांना जागा उरली नाही आणि पहाटे तीनला गव्हाण रिकामी! मिल थांबली, बगॅस थांबले. पण पॅनमधला माल अर्ध्यात सोडता येत नाही. त्याला वाफ हवीच. शिलकीतले बगॅस ओढून बॉयलर कसाबसा धरला. ऊस आल्यावर सगळी गिऱ्हाइके एकदम वाफ मागू लागली आणि प्रेशर पुन्हा पडले. ऊस दोन तास नव्हता, पण घडी बसायला पाळी गेली. दुपारपासून यार्डात वाळलेला ऊस वेगळाच. शिळ्या उसाचा रस चिकट होतो, पॅन लांबते, वाफही जास्त खाते.

हिशेब पाहा. दररोज २५०० टन गाळणाऱ्या कारखान्यात उसाच्या ५० टक्के वाफ लागत असेल आणि ती ४५ वर आली, तर दिवसाला १२५ टन वाफ, म्हणजे सुमारे ५७ टन बगॅस वाचते. १५० दिवसांत साडेआठ हजार टन. त्याची वीज करा नाहीतर विका, पैसा तुमच्याच बिलात यायचा आहे. यंत्रे बदलून यापेक्षाही जास्त वाचते हे खरे, पण यंत्रांना कर्ज लागते. चिठ्ठीच्या वेळेला लागत नाही.

रात्रीची गाडी कोणाला आवडत नाही, थंडीत तर नाहीच. म्हणून येत्या हंगामात रात्रीची पाळी गटवार फिरती ठेवली आहे. एकाच गावावर बोजा नको. यादी गट कार्यालयात आदल्या दिवशी सायंकाळी लागेल. ज्याची गाडी मोडली, बैल आजारी पडला किंवा टोळी घरी गेली असेल, त्याने चिटबॉयला अंधार पडण्याआधी सांगावे. तेवढ्या वेळात शेजारची टोळी हलवता येते, मध्यरात्री नाही.