दुसऱ्याकडे नसलेली तबकडी

१९५०च्या दशकातल्या किंग्स्टनमध्ये अमेरिकेहून नवी तबकडी आली की पहिलं काम असायचं तिचं लेबल खरवडून काढण्याचं. गाणं कुणाचं, नाव काय, कंपनी कोणती, यातलं काही वाचता येता कामा नये. ही धडपड असे ती साउंड सिस्टीमच्या मालकांची. दणकट अ‍ॅम्प्लिफायर, कपाटाएवढे स्पीकर आणि तबकड्यांची पेटी ट्रकमध्ये घालायची, एखाद्या मोकळ्या अंगणात मांडायची, दाराशी तिकीट लावायचं आणि आत बिअर-रम विकायची, असा हा धंदा. वाद्यवृंद बोलावण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडे. हार्डवेअरच्या व्यापारातल्या टॉम वाँगने ‘टॉम द ग्रेट सेबॅस्टियन’ या नावाने त्यात आधी जम बसवला. मग आले दारूचं दुकान चालवणारा माजी पोलीस ड्यूक रीड आणि क्लेमेंट ‘कॉक्सन’ डॉड.

गर्दी स्पीकरच्या आकाराला भुलते हे खरं, पण टिकते ती तबकड्यांवर. विलिस जॅक्सन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची एक धून डॉडने ‘कॉक्सन हॉप’ असं स्वतःचंच नाव देऊन कैक दिवस गाजवली. नृत्य सुरू झालं की लोक तिची वाट पाहत. शेवटी रीडने तिचं मूळ नाव हुडकलं आणि एका रात्री ती आपल्या सिस्टीमवर लावली. ती ऐकून डॉडचे पायच गळाले, असा किस्सा किंग्स्टनमध्ये अजून रंगवून सांगतात.

जमैकन संगीताचा इतिहास बंडखोरी, श्रद्धा आणि गरिबी यांच्या अंगाने पुष्कळदा लिहिला गेला आहे. धंद्यातली ही ईर्ष्या मात्र त्यात तळटीपेसारखी येते. तिला मुख्य मजकुरात जागा द्यायला हवी. रॉक अँड रोलच्या लाटेत जमैकन नर्तकांच्या आवडीच्या धून अमेरिकेतून येईनाशा झाल्या, तेव्हा रीड आणि डॉड यांनी स्थानिक वादकांनाच हाताशी धरलं. आरंभीची ही ध्वनिमुद्रणं दुकानात विकण्यासाठी नव्हतीच. ती आपल्या अंगणात वाजवून शेजाऱ्याची गर्दी ओढण्यासाठी होती. डॉडचा स्टुडिओ वन १९६३ साली सुरू झाला, तो या चढाओढीतूनच.

अशा खास प्रतीला म्हणतात डबप्लेट. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर असतो आणि कटिंग लेथची तापवलेली सुई त्यात खोबण कोरत जाते. साचा नाही, छपाई नाही. एका वेळी एकच प्रत. बाजारातल्या व्हिनाइलपेक्षा ती जड असते आणि झिजतेही फार लवकर. काही डझन वेळा लावली की वरच्या पट्टीतले आवाज आधी विझतात, खरखर वाढते. म्हणजे जे गाणं गर्दी पुन्हा पुन्हा मागते, तेच सगळ्यात आधी खराब होतं.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस स्पॅनिश टाउनमधला रूडी रेडवुड अशीच एक प्रत कापून घ्यायला रीडच्या ट्रेझर आइल स्टुडिओत गेला होता. गाणं होतं पॅरागॉन्स या गटाचं. कापताना बायरन स्मिथ या तंत्रज्ञाकडून गायकांचा ट्रॅक उघडायचा राहिला. रेडवुडने ती बिनआवाजाची प्रत टाकून दिली नाही. नृत्यात त्याने आधी मूळ गाणं लावलं, मागोमाग ही नुसती साथ, आणि शब्द लोकांनीच गायले. थोड्याच काळात जमैकन तबकडीच्या दुसऱ्या बाजूला गाण्याऐवजी त्याच गाण्याचं ‘व्हर्जन’ येऊ लागलं. निर्मात्यांचा दुसऱ्या गाण्याचा खर्च वाचला, ही गोष्टही त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती.

त्याच स्टुडिओत तबकड्या कापणारा एक माणूस होता ऑस्बोर्न रुडॉक, म्हणजे किंग टबी. मूळ व्यवसाय विजेच्या उपकरणांची दुरुस्ती. स्वतःच्या होमटाउन हाय-फाय सिस्टीमसाठी तो अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच बांधायचा. त्या सिस्टीमवर नुसत्या साथीवर माइकमधून बोलायला यू-रॉय असे. (जमैकात डीजे म्हणजे हा बोलणारा, तबकड्या लावणारा तो सिलेक्टर.) सत्तरीच्या सुरुवातीला टबीने डायनॅमिक स्टुडिओचं जुनं एमसीआय मिक्सिंग डेस्क विकत घेतलं आणि वॉटरहाउस वस्तीतल्या ड्रॉमिली अ‍ॅव्हेन्यूवरच्या आपल्या छोट्या घरात बसवलं. ट्रॅक चारच. पण त्यावर एक मोठा फिल्टर होता. तो फिरवला की खालचे स्वर गळून पडत आणि ढोल-झांजा पातळ होत वर चढत. टबी मध्येच गायकाचा आवाज तोडे, एखादा शब्द एकोत सोडून देई, स्प्रिंग रिव्हर्बच्या पेटीला ठोसा मारून गडगडाट काढी. हे सगळं टेप चालू असताना, दोन्ही हातांनी. त्यामुळे एकाच टेपची दोन मिक्स तंतोतंत सारखी होत नसत आणि प्रत्येक सिस्टीमला आपली निराळी प्रत मिळे. आज जगभर रिमिक्स म्हणून जे चालतं, त्याचं बरंचसं व्याकरण या घरात तयार झालं. टबीची फेब्रुवारी १९८९मध्ये घराबाहेर गोळ्या घालून हत्या झाली.

त्याचा शिष्य प्रिन्स जॅमी. त्याच्याकडे १९८५ साली वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही एक छोटा कॅसिओ एमटी-४० कीबोर्ड घेऊन आले. त्यातला बटणावर वाजणारा तयार ‘रॉक’ ताल जॅमीने संथ केला आणि ‘स्लेंग टेंग’ हा रिडिम, म्हणजे अनेक गाण्यांखाली वाजणारी तीच साथ, जन्मला. तो ताल बसवणाऱ्या कॅसिओच्या हिरोको ओकुदा यांनी विद्यापीठात रेगेवरच प्रबंध लिहिला होता, हा योगायोग कादंबरीत घातला तर संपादक कापून टाकेल. स्लेंग टेंगवर पुढे शेकडो गाणी झाली. स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेनच्या ‘दिवाली’ रिडिमवरही अशीच अनेक गाणी झाली. त्यातल्या टाळ्यांच्या ठेक्यावर शॉन पॉलचं ‘गेट बिझी’ २००३ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्याच टाळ्यांवर वेन वंडरचं गाणंही गाजलं.

ताल असा सगळ्यांचाच झाल्यावर आपलं म्हणून काय उरतं? नाव. गायक आपलं गाजलेलं गाणं नव्याने म्हणतो, त्यात सिस्टीमचं नाव गुंफतो आणि प्रतिस्पर्ध्याची यथेच्छ टवाळी करतो. हा ‘स्पेशल’. साउंड क्लॅश, म्हणजे सिस्टीमांमधले सामने, त्यावरच लढतात. कलगी-तुऱ्याच्या सामन्यासारखीच इथेही उत्तराला प्रत्युत्तर लागतं. शेवटच्या फेरीत एका तबकडीला एक तबकडी. एकदा वाजलेलं गाणं पुन्हा लावलं की गेलात. निकाल गर्दीच्या आरोळ्यांवर. १९९९ साली वर्ल्ड क्लॅश हा सामना जिंकला तो योकोहामाच्या मायटी क्राउनने, जमैकन दिग्गजांना हरवून.

रेडिओवर हे सगळं उशिरा पोचलं. जमैकाच्या सरकारी रेडिओवर, जेबीसीवर, मायकी ड्रेडने १९७७मध्ये मध्यरात्रीचा कार्यक्रम घेतला आणि त्यात फक्त जमैकन संगीत, खास डबप्लेट आणि विचित्र जिंगल्स यांचा मारा केला. लंडनमध्ये डेव्हिड रॉडिगनने १९७०च्या दशकाच्या अखेरीस रेगे ऐकवायला सुरुवात केली. पुढे त्याने जमैकात जाऊन बॅरी जी या निवेदकाशी रेडिओवरच क्लॅश खेळला. लंडनच्या विनापरवाना रेडिओ केंद्रांनी मग जंगल, गराज, ग्राइम या नव्या नृत्यसंगीताच्या शैलींना घर दिलं. उंच इमारतींच्या गच्चीवर चोरून एरियल बसवायचे आणि त्याच आठवड्यात कापलेली डबप्लेट वाजवायची. १९९४मध्ये अशीच निघालेली रिन्स एफएम २०१०मध्ये परवानाधारक झाली. त्याआधी २००५ साली तिच्या स्लिमझी या डीजेला न्यायालयाने गच्चीवर जायलाच मनाई केली होती. डबस्टेप या आणखी एका शैलीचे डीजे दक्षिण लंडनच्या ट्रान्झिशन स्टुडिओत तबकड्या कापून घेत. जानेवारी २००६मध्ये मेरी ॲन हॉब्जने बीबीसी रेडिओ १वर त्यांना एकत्र बसवलं, तेव्हा ऐकवलेली कित्येक गाणी दुकानात अजून आलीच नव्हती.

लॅकरच्या कोऱ्या चकत्या बनवणारे जगात दोनच मोठे कारखाने उरले होते. त्यातला कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्स फेब्रुवारी २०२०मध्ये जळाला. उरला तो जपानमधला. आता बहुतेक सिलेक्टरांच्या पेटीऐवजी लॅपटॉप असतो. गायक आपल्या स्टुडिओत स्पेशल म्हणतो, पैसे आगाऊ घेतो आणि फाइल पाठवून देतो. ती कितीही वेळा वाजवली तरी झिजत नाही, आणि कुणाच्या हाती लागली तर तिची प्रत निघायला क्षणही लागत नाही. गाण्यात गुंफलेलं सिस्टीमचं नाव मात्र प्रत्येक प्रतीत तसंच राहतं.