देवाने पेरलेला भात

भात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ताट येते. वर पिवळे वरण, साजूक तूप आणि लिंबाची फोड. पण भात हे मुळात एक गवत आहे आणि त्यालाही गणगोत आहे, याची आठवण जेवताना कोणाला होते? वनस्पतिशास्त्रज्ञ या घराण्याला 'ओरायझा' म्हणतात. घराण्यात मंडळी सुमारे २४. त्यांतली दोनच माणसाळली : एक आपला आशियाई भात आणि दुसरा पश्चिम आफ्रिकेत, नायजर नदीच्या काठी शेतात आलेला त्याचा भाऊबंद. बाकीचे सारे अजून रानोमाळ आहेत. कोणी ऑस्ट्रेलियात, कोणी आफ्रिकेच्या पाणथळीत, कोणी थेट दक्षिण अमेरिकेत. एकाने तर सुंदरबनात भरतीच्या खाऱ्या चिखलात बिऱ्हाड थाटले आहे. पाण्यातून आलेले मीठ तो पानांवाटे बाहेर टाकतो! आपल्या सह्याद्रीतही झाडांच्या सावलीत वाढणारे दोन लाजाळू रानभात आहेत. त्यांचा आपल्या पिकाशी सहजासहजी संकर होत नाही. ते दूरचे नातेवाईक; लग्नपत्रिका पाठवली तर पाठवली.

जवळचा नातेवाईक मात्र अगदी दाराशी आहे, आणि मला सांगायचे आहे ते त्याच्याविषयी.

पेणहून अलिबागकडे जाताना धरमतर खाडी ओलांडली की खारेपाट सुरू होतो. समुद्राला बांध घालून माणसांनी मिळवलेली ही जमीन. पावसाने वरच्या थरातले मीठ धुऊन नेले की त्यावर भात करायचा, आणि बांधाला खांड पडू नये म्हणून रात्री-अपरात्री धावायचे, अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. येथेच चरी गावाच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांविरुद्ध संप केला आणि जमीन पडीक ठेवली. घरोघरी तळे, तळ्यात जिताडा. (खारेपाटात जाऊन जिताडा न खाता परत येणाऱ्याची मला कीव येते, पण तो विषय वेगळा.) या तळ्यांच्या कडेला, रस्त्यालगतच्या खणात, गोड्या पाण्याच्या डबक्यात आश्विनात उंच गवत डोलताना दिसते. लोंब्या विरळ, दाण्यांना लांबलचक कुसळे, कुसळांवर तांबूस झाक. हाच देवभात.

शास्त्रज्ञ यात दोन जाती मानतात. वर्षानुवर्षे टिकणारी ती खोल पाण्यातली. उन्हाळ्यात आटणाऱ्या उथळ डबक्यात दरसाल बियांपासून उगवणारी ती दुसरी. या दुसरीला शर्मा आणि शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६५ साली 'निवारा' असे नाव दिले. हे नाव कानाला ओळखीचे वाटते ना? आश्रमातल्या ऋषींचे 'नीवार' धान्य ते हेच. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात दुष्यंताला तपोवन जवळ आल्याचे कशावरून कळते? झाडाखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून. पोपटांच्या ढोलीतून पडलेले ते दाणे! ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून न पेरता, न नांगरता आलेल्या देवभाताचा त्या दिवशी मान असतो.

आणि तरीही शेतकरी त्याला उपटून फेकतो. एका आजींना मी बांधावर हे विचारले. कमरेत वाकलेल्या त्या सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "बाला, शेतान आला त चोर, तल्यान आला त देव!"

चोर खराच. फुलोरा येईपर्यंत तो पिकापासून ओळखू येत नाही. खत खातो, पाणी पितो, आणि कापणीच्या आधीच आपले दाणे चिखलात टाकून मोकळा होतो. ते पुढच्या पावसात उगवायला हजर! छत्तीसगडात याला करगा म्हणतात. तेथे जांभळ्या पानांचे 'श्यामला' हे वाण मुद्दाम लावतात, म्हणजे हिरवा दिसेल तो करगा, तो उपटा.

पण या चोराच्या गाठोड्यात काय आहे, ते पाहा. माणसाने हजारो वर्षे गळत नाहीत असे, गोड लागतात असे दाणे निवडले. त्या निवडीत काटकपणाचे पुष्कळ गुण हातचे सुटले. ते रानभाताकडे राहिले. १९७० च्या सुमारास तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या खुजेपणाच्या एका विषाणूने आशियातली भातशेती ग्रासली. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. उतारा सापडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या निवाराच्या एका नमुन्यात. त्याचे रक्त घेऊन गुरदेवसिंग खुश यांनी सिद्ध केलेला 'आयआर-३६' १९७६ साली बाहेर पडला आणि कोट्यवधी घरांत शिजला.

दुसरी कथा तर आपल्या जिल्ह्यापर्यंत येते. १९७० साली चीनच्या हैनान बेटावर युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्याला रानभाताचे एक वांझ-परागाचे रोप सापडले. संकरित भाताला असेच मातृरोप हवे होते. तो गुण आईकडूनच मुलांत उतरतो. कर्जतच्या संशोधन केंद्राने १९९८ साली दिलेल्या 'सह्याद्री' या संकरित वाणाची आई त्याच वंशातली. म्हणजे रायगडच्या खाचरात डोलणाऱ्या त्या पिकाची आजी-पणजी हैनानच्या दलदलीतले एक गवत!

आता आमच्या देवभाताचे काय? दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बियाणे थंड डब्यांत राखता येते आणि ते राखलेच पाहिजे. पण डब्यातला दाणा झोपलेला असतो. डबक्यातला दाणा दरवर्षी नव्या उन्हाशी, नव्या किडीशी झुंजून थोडा बदलतो. खारे पाणी झेलणारी 'पनवेल'ची वाणे शास्त्रज्ञांनी दिली. उद्या समुद्र आणखी चढला तर पुन्हा शोध कोठे घ्यायचा?

डबक्याला मात्र वाली नाही. शेताला सातबारा आहे, खारफुटीला कायदा आहे. रस्त्याकडेच्या खणाला काय आहे? १९७० नंतर नवी मुंबई उभी राहताना पनवेल-उरणकडच्या पाणथळी भरावाखाली गेल्या. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, मुंबई जवळ आली आणि जमिनीचे भाव चढले. भराव नेहमी खोलगट जागेपासून सुरू होतो, आणि देवभात नेमका तेथेच राहतो.

दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला जाणार असाल, तर किनाऱ्यावर पोहोचण्याआधी पोयनाडच्या आसपास गाडी जरा थांबवा. एखाद्या तळ्याच्या कडेला तांबूस कुसळांची लोंबी दिसली तर तिच्याखाली ओंजळ धरून हलकेच टिचकी मारा. पिकलेले दाणे आपणहून हातात पडतील. टरफल सोलून पाहा, आत तांदूळ लालसर निघेल. उरलेले दाणे तेवढे पुन्हा त्याच पाण्यात टाका.