फ्लेक्स छापणाऱ्या यंत्राची निगा

गेल्या दिवाळीनंतर आमचा एक जुना विद्यार्थी उतरल्या चेहऱ्यानें आमच्या घरीं आला. शाळा सोडल्यावर तो फ्लेक्स छापण्याच्या एका दुकानांत कामास लागला होता. सुटी लागतांच त्यानें यंत्र होतें तसें बंद केलें. पांच दिवसांनीं तें सुरू करून पाहतो, तों काळा रंग उमटेना. अखेर हेड बदलावें लागलें, व त्याची किंमत मुलाच्या पगारांतून कापण्याचें मालकांनीं ठरविलें. "सर, मीं तर सुटींत यंत्रास हातही लावला नाहीं," असें तो म्हणाला. दुर्दैवानें चूक नेमकी तीच होती. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक या धंद्यांत शिरतात; म्हणून ही गोष्ट येथें थोडी फोड करून सांगतों.

हेड हें या यंत्राचें हृदय होय. त्याच्या तळाशीं शेंकडों छिद्रें असतात. त्यांस नोझल म्हणतात. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. हीं छिद्रें त्याच्या निम्म्याच्या आसपास. कांहीं स्फटिकांस विजेचा दाब दिला असतां त्यांचा आकार किंचित् बदलतो, हें क्यूरी बंधूंनीं इ. स. १८८१ मध्यें प्रयोगानें दाखविलें. त्याच गुणाच्या बळावर हेडांतून शाईचे थेंब बाहेर फेकले जातात.

या शाईंत रंगाचे सूक्ष्म कण व राळेसारखा चिकट पदार्थ सॉल्व्हंट नांवाच्या द्रवांत मिसळलेला असतो. द्रव उडून गेला कीं राळ कणांस धरून ठेवते. म्हणून फलक पावसांतही टिकतो. परंतु फलकावर जो गुण, तोच छिद्राच्या तोंडाशीं दोष ठरतो. तेथें शाई वाळली कीं हेड 'चोक' झालें असें कारागीर म्हणतात.

हें टाळण्यासाठीं काम नसतां हेड रबरी कांठाच्या कॅपवर टेकलेलें असतें. कांठावर वाळली शाई सांचली तर फटींतून हवा शिरते. यास्तव रोज सायंकाळीं, त्याच शाईसाठीं दिलेल्या सफाईच्या द्रवांत तंतू न सुटणारा बोळा भिजवून कॅपचा कांठ व वायपरची पट्टी पुसावी. छिद्रांच्या पृष्ठास बोट किंवा फडकें लावूं नये. पाणी तर मुळींच वापरूं नये. त्यानें शाई फुटून गुठळ्या होतात. हेडाची जागा मोजणाऱ्या पारदर्शक पट्टीस मात्र हा द्रव लागूं देऊं नये. तिच्यावरील रेषा पुसल्या जातात.

सकाळीं प्रथम नोझलची चांचणी छापावी. दर वेळीं त्याच जागीं रेषा तुटत असेल, तर बहुधा छिद्र बुजलें आहे. तुटण्याची जागा बदलत असेल, तर शाईच्या मार्गांत हवा शिरली असावी. तेव्हां नळ्या व डॅम्पर तपासावे. कारण न शोधतां सफाईचें बटण वारंवार दाबल्यानें केवळ शाई वायां जाते.

लांब सुटीपूर्वीं कॅपमध्यें सफाईचा द्रव भरून हेड तिच्यावर टेकवावें. कित्येक यंत्रें मुख्य वीज चालू असल्यास मधून मधून स्वतःच सफाई करतात. तीं मुख्य बटणापासून बंद करूं नयेत. याविषयीं यंत्राच्या पुस्तिकेंतील सूचना प्रमाण मानावी.

सॉल्व्हंटची वाफ प्रकृतीस अपायकारक व ज्वालाग्राही असते. हातमोजे व चष्मा घालावा, हवा खेळती ठेवावी, जवळ विडी-काडी पेटवूं नये, आणि टाकाऊ शाई गटारांत ओतूं नये.

यांपैकीं एकही गोष्ट त्या मुलास कोणीं शिकविली नव्हती. आम्हीं मालकांस भेटून तसें सांगितलें. त्यांनीं विचार करून अर्धी रक्कम सोडली. उरलेली अर्धी तो अद्याप फेडीत आहे. मुलास कामास लावतांना पगार किती हें पालक विचारतातच; काम शिकविणार कोण, हेंही त्यांनीं अवश्य विचारावें. आमचा विद्यार्थी आतां रोज घरीं निघण्यापूर्वीं दहा मिनिटें कॅप व वायपर पुसण्यांत घालवितो, आणि तेथें नव्यानें आलेल्या मुलास शेजारीं उभा करून तें दाखवितो.