‘श्यामची आई’, पण या वेळी मोठ्याने

शाळेत मराठी शिकलेल्या प्रत्येकाला आपण ‘श्यामची आई’ वाचली आहे असे वाटते. खरे तर बहुतेकांनी वाचलेला असतो त्यातला एखादा धडा. आंघोळ झाल्यावर पायांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावणारा मुलगा आठवतो. पोहायला भिऊन लपून बसला म्हणून त्याला मारणारी आणि नंतर त्याच पाठीवर हात फिरवणारी आई आठवते. परीक्षेत प्रश्न यायचा, ‘आईने श्यामला कोणती शिकवण दिली?’ उत्तर पाच ओळींत. पुस्तक तिथेच संपायचे.

यंदा आमच्या नात्यातल्या आठ जणींनी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढले. निम्म्या अकोल्यात, निम्म्या अमरावतीत. मधले शंभरेक किलोमीटर फोनने जोडले. इशाची नमाज आणि जेवणे आटोपली की एकीने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. दुसऱ्या दिवशी पाळी पलीकडच्या गावाची. या पुस्तकाला ही रीत शोभतेही. साने गुरुजींनी प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे आणि अशा ४२ रात्री आहेत. आश्रमात संध्याकाळी मंडळी जमतात आणि श्याम त्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशी सगळी मांडणी. म्हणजे पुस्तक मुळात ऐकण्यासाठीच रचलेले. आम्हाला मात्र ४२ रात्रींना तीन महिने लागले. मध्ये दोन लग्ने झाली, मुलांच्या परीक्षा आल्या आणि एकदा आठवडाभर वाचणारीचा घसाच बसला.

मोठ्याने वाचण्याचे कारण आमच्या खाला. त्यांची तालीम उर्दू शाळेत झाली. मराठी बोलतात बाजारात, दवाखान्यात, शेजारणींशी, अस्सल वऱ्हाडी. पण वाचता येत नाही. उलट त्यांच्या नातींना उर्दू लिपी जेमतेम लागते. वऱ्हाडातल्या पुष्कळ मुस्लिम घरांत असेच आहे. दादीच्या कपाटातले पुस्तक नातीला वाचता येत नाही आणि नातीच्या दप्तरातले दादीला. कान मात्र दोघींचे सारखेच चालतात.

सुरुवातीला अडखळलो. पालगड कोकणातले, दापोली तालुक्यातले. घर ब्राह्मणाचे. खोत म्हणजे कोण, सोवळे कशासाठी, अमुक व्रतात काय करतात, हे एकमेकींना विचारत पुढे जावे लागले. आमच्यातली एक शिक्षिका आहे. तिने खोत समजावला तो आपल्याकडच्या पाटील-देशमुखांच्या दाखल्याने. पुढे पुढे विचारणे आपोआप कमी झाले.

कारण पुढे पुस्तकात कर्ज येते. शाळेच्या धड्यात हे आम्हाला कुणी दाखवले नव्हते. ‘श्यामची आई’ ही संस्कारांची गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. घर चालवलेल्या बाईने ती सलग ऐकली तर ती एका बुडत जाणाऱ्या घराची गोष्ट वाटते. वाडवडिलांचे वैभव, मग वाटण्या, वेगळे राहणे. माहेरी आश्रितासारखे राहायचे नाही म्हणून आई स्वतःचे दागिने पुढे करते आणि छोटेसे घर बांधायला लावते. मग सावकार, तगादे, शेवटी जप्तीची दवंडी. एका प्रकरणात वसुलीला आलेला माणूस घरात बसून लागट बोलतो, आणि एरवी आतच वावरणारी ती बाई बाहेर येऊन त्याला खडसावते.

ती रात्र वाचून झाली आणि फोनवर दोन्हीकडे कुणी बोलेना. थोड्या वेळाने खाला म्हणाल्या, “ये तो अपने मोहल्ले की बात है.” खरेच आहे. कापूस-सोयाबीनच्या या मुलखात कर्ज नाही असे घर शोधावे लागेल. आता सावकाराच्या जोडीला गटाच्या कर्जाचे हप्ते आले आहेत. वसुलीचा दिवस ठरलेला असतो, आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायकांना तिच्या दारात बसावे लागते. आमच्यातल्या एकीने हे सोसले आहे. कोण ते इथे सांगायचे कारण नाही. त्या रात्री तिने पहिल्यांदा आकडा सांगितला, जो तिच्या सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नव्हता. पुढे काय करायचे ते आम्ही आपसांत बसून ठरवले. तो या लेखाचा विषय नाही.

कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि माफ केले तर अधिक चांगले, ही सूरह बकरातली ताकीद आपण दर्सात ऐकतो. कर्ज डोक्यावर ठेवून गेलेल्याचा जनाजा पढवायला हुजूर (स.) थांबले आणि दुसऱ्याने ते कर्ज अंगावर घेतल्यावरच पुढे झाले, ही हदीसही ऐकतो. ऐकून घरी येतो आणि घरातले कर्ज झाकून ठेवतो. श्यामच्या आईला कर्जाची जी लाज वाटते ती आपल्या बायकांना नवी नाही. नवे एवढेच की तिच्या मुलाने ती चारचौघांत सांगितली.

सगळ्यांना सगळे पटले असे नाही. अमरावतीची कॉलेजात शिकणारी भाची चिडली. वडिलांच्या हातून घर जाते आणि झिजायचे मात्र आईने, मग त्याला सब्र म्हणून डोक्यावर का घ्यायचे, हा तिचा सवाल. मला तो रास्त वाटला. मुलगा आईविषयी लिहितो तेव्हा तिचे कष्ट त्याला पवित्र दिसतात. तिला स्वतःला ते कसे दिसत असतील हे पुस्तकात कमीच आहे. मोठ्या भाभींचे म्हणणे वेगळे. लिहिणाऱ्याच्या मनाला जे लागून राहिले तेच तो लिहिणार. आई गेली तेव्हा, १९१७ साली, तो शिकायला परगावी होता. तिची शेवटची भेट झाली नाही.

पुस्तकाचा बहुतेक भाग गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिला. १९३५ साली ते छापून आले. त्याआधी ते अमळनेरला शिक्षक होते आणि शाळेचे वसतिगृह सांभाळत होते. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, हे अनेकांना माहीत असते. याच साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिले आहे आणि त्यात हुजूर (स.) यांचे चरित्र आदराने सांगितले आहे, हे मात्र आपल्या घरांतही थोड्यांनाच माहीत.

कुणाला असे वाचन करायचे असेल तर एकच सांगते. मुलांसाठी छाटलेली आवृत्ती घेऊ नका. त्यात नेमके कर्ज कापलेले असू शकते. गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे पुस्तकावरचा स्वामित्वहक्क कधीच संपला आहे आणि पूर्ण आवृत्त्या स्वस्तात मिळतात.

आता आम्ही उद्धव शेळके यांची ‘धग’ घेतली आहे. १९६० ची कादंबरी, लेखक आपल्या अमरावती जिल्ह्यातले. यातली आई कौतिक. नवरा महादेव शिंपी, आणि संसार ओढायचा हिनेच. भाचीने पहिल्याच दिवशी सांगून टाकले की हिच्याशी आपले जमेल. संवाद सगळे वऱ्हाडीत. आमच्यातल्या शिकलेल्या मुली ते वाचताना अडखळतात आणि खाला फोनवरून त्यांचे उच्चार सुधारतात.