सेकंदाला 22 दाणे

महाराष्ट्रात खरिपात सोयाबीन सुमारे 50 लाख हेक्टरवर असते. दोन ओळींत 45 आणि दोन दाण्यांत 5 सेंटिमीटर अंतर धरले, तर एका एकरात 9 किलोमीटर लांबीचे तास पडतात आणि त्यांत 1 लाख 80 हजार दाणे जातात. साऱ्या राज्याची पेरणी याच अंतराने झाली असे धरले, तर तासांची लांबी भरते 11 कोटी किलोमीटर. सूर्य आपल्यापासून 15 कोटी किलोमीटरवर आहे! आणि दाणे लागतात 2 लाख 20 हजार कोटी.

पाच फणांचे टोकण यंत्र ताशी 4 किलोमीटरने चालले, की प्रत्येक नळीतून सेकंदाला 22 दाणे पडायला हवेत. वेग 6 वर नेला की 33. मग दाणे उचलून सोडणाऱ्या चकतीच्या खाचा पुरत्या भरत नाहीत आणि पडलेला दाणा तासात उडी मारतो. कुठे जोडदाणा, कुठे मोकळी जागा.

चकती फिरते ती जमिनीवरच्या चाकाने. भुसभुशीत किंवा ओल्या रानात चाक 10 टक्के घसरले, तर एकरी 18 हजार दाणे कमी पडतात. उरलेल्यांत 5 टक्के खाचा रिकाम्या गेल्या, तर आणखी 8 हजार. बियाण्याची उगवण 70 टक्के धरली, तर 1 लाख 80 हजारांपैकी रोपे उभी राहतात जेमतेम 1 लाख 8 हजार.

शेताचा आकारही वेळ खातो. 100 बाय 40 मीटरच्या रानात लांबीच्या बाजूने पेरले तर 18 फेऱ्या होतात, आडवे पेरले तर 45. एका वळणाला 20 सेकंद धरले, तरी आडव्या पेरणीत सुमारे 9 मिनिटे जास्तीची नुसती वळण्यात जातात.

पेरणीपूर्वी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस व्हावा, असे कृषी विभाग सांगतो. 75 मिलिमीटर म्हणजे एकरी 3 लाख लिटर पाणी. तेवढे मुरून वाफसा आला नाही, तर चिखलाने नळ्या तुंबतात. रान कोरडे असेल, तर ढेकळांवर फण उचलले जातात आणि दाणा उघडा पडतो.

म्हणून यंत्र रानात घालताना प्रत्येक नळीखाली पिशवी बांधा, पेरणीच्याच वेगाने 10 मीटर चालवा आणि दाणे मोजा. पिशवीत 200 च्या आसपास दाणे नसतील, तर चकती आणि चाक तपासल्याशिवाय पुढचा तास धरू नका.