हॅना आरेंट : विचार थांबतो तेव्हा

आधुनिक तत्त्वज्ञांवरच्या या मालिकेत आज आपण हॅना आरेंट यांच्याविषयी बोलणार आहोत. त्या स्वतःला तत्त्वज्ञ म्हणवून घेत नसत, माझा विषय राजकीय सिद्धान्त आहे असं सांगत. पण त्यांनी विचारलेला एक प्रश्न तत्त्वज्ञानाच्या मुळाशी जातो : माणूस विचार करायचा थांबला, तर त्याच्या हातून काय घडू शकतं?

आधी त्यांचं आयुष्य थोडक्यात पाहू. १४ ऑक्टोबर १९०६ रोजी जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या लिंडन इथे, एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपण क्योनिग्सबर्गमध्ये, म्हणजे कांटच्या गावी गेलं. पुढे मारबुर्गला मार्टिन हायडेगर हे त्यांचे शिक्षक होते. हायडेलबर्गला कार्ल यास्पर्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संत ऑगस्टिनच्या प्रेमविचारावर प्रबंध लिहिला.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्या काळच्या ज्यूद्वेषी प्रचाराची माहिती गोळा करत असताना आरेंट यांना अटक झाली. सुटका होताच त्यांनी देश सोडला आणि त्या पॅरिसला गेल्या. १९४० मध्ये फ्रान्समधल्या गुर्स इथल्या छावणीत त्यांना ठेवलं गेलं. तिथून निसटून १९४१ मध्ये त्या अमेरिकेत पोहोचल्या. अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं ते १९५१ मध्ये. त्याच वर्षी एकाधिकारशाहीच्या उगमावरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आता १९६१ सालाकडे येऊ. अॅडॉल्फ आइकमन हा नाझी अधिकारी लक्षावधी ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या रेल्वेगाड्यांची व्यवस्था पाहत असे. युद्धानंतर तो अर्जेंटिनात लपला होता. इस्रायलच्या हेरांनी १९६० मध्ये त्याला तिथून पकडून आणलं आणि जेरुसलेममध्ये त्याच्यावर खटला चालला. १९६२ मध्ये त्याला फाशी झाली. ‘न्यू यॉर्कर’ या साप्ताहिकासाठी वार्तांकन करायला आरेंट त्या खटल्याला गेल्या होत्या.

काचेच्या पिंजऱ्यात त्यांना कुणी राक्षस दिसला नाही. दिसला तो ठरावीक सरकारी भाषेत बोलणारा, बढतीची काळजी करणारा एक सामान्य माणूस. आपण फक्त आज्ञा पाळल्या, असं तो सांगत होता. एवढंच नव्हे, तर कांटच्या कर्तव्यविचाराप्रमाणे आपण जगलो, असाही त्याचा दावा होता! आरेंट यांनी यातली गफलत दाखवली. कांटच्या नीतिविचारात प्रत्येक माणूस स्वतःच्या विवेकबुद्धीने नियम ठरवतो. तिथे आंधळ्या आज्ञापालनाला जागाच नाही.

यातूनच त्यांनी ‘दुष्टतेची सामान्यता’ ही संकल्पना मांडली. अनेकांना वाटलं, की त्या गुन्हा सौम्य करून सांगत आहेत. तसं नव्हतं. गुन्हा भयंकरच होता आणि फाशीही त्यांना योग्यच वाटली होती. त्यांचं म्हणणं असं, की एवढा भयंकर गुन्हा करायला मनात तेवढाच खोल द्वेष असावा लागतो असं नाही. दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहायचं सोडून दिलं, तरी पुरतं.

या मांडणीवर टीकाही झाली आणि ती गंभीर होती. गेर्शोम शोलेम यांच्यासारखे जुने स्नेही दुरावले. पुढे अर्जेंटिनातल्या आइकमनच्या मुलाखतींचा अभ्यास झाला. त्यात तो आपल्या कामाचा अभिमान बाळगणारा कट्टर नाझी दिसतो. म्हणजे या एका माणसाविषयीचं आरेंट यांचं निदान कदाचित अपुरं होतं. पण त्याच्याभोवती टेबलांवर बसून कागद पुढे सरकवणारे हजारो लोक होते. त्यांचं काय? तो प्रश्न उरतोच.

मग विचार करणं म्हणजे काय? विद्वत्ता नव्हे. खुद्द हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षात गेले होते. आरेंट इथे सॉक्रेटिसकडे वळतात. विचार म्हणजे स्वतःशी चाललेला संवाद. मी एकटा असलो तरी माझ्यासोबत मी असतोच. खून केला, तर जन्मभर एका खुन्याच्या सहवासात राहावं लागेल. नाझी राजवटीत ज्यांनी सहभाग नाकारला, ते इतरांपेक्षा हुशार होते म्हणून नव्हे. हे केल्यावर आपण स्वतःबरोबर राहू शकू का, हे त्यांनी स्वतःला विचारलं.

आरेंट आणखी एक नेमका भेद करतात. आज्ञापालन लहान मूल करतं. प्रौढ माणूस ‘आज्ञा पाळतो’ असं म्हणतो, तेव्हा खरं तर तो त्या व्यवस्थेला पाठिंबा देत असतो. म्हणून ‘वरून आदेश होता’ हे उत्तर त्यांना पुरेसं वाटत नाही. त्यांचा पुढचा प्रश्न असतो : तुम्ही पाठिंबा का दिलात?

४ डिसेंबर १९७५ रोजी न्यू यॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. मनाच्या व्यापारांवरचा त्यांचा शेवटचा ग्रंथ अपुरा राहिला. त्याचे विचार आणि इच्छा हे दोन भाग झाले होते, निर्णयशक्तीवरचा तिसरा राहून गेला. आपल्यापुरता तो भाग आपल्यालाच लिहायचा आहे. कार्यालयात, संस्थेत, गर्दीत आपल्यासमोर सहीसाठी एखादा कागद येतो किंवा एखादी घोषणा आपल्याकडून वदवून घेतली जाते. त्या वेळी क्षणभर थांबून स्वतःला विचारायचं, ‘हे मी का करतो आहे?’

पुढच्या भागात आपण त्यांचे गुरू कार्ल यास्पर्स यांना भेटू.